कचऱ्यात लपवलेलं पुस्तक

छापखान्यातला कॉम्प्युटर सकाळीच अडून बसला. डिस्क भरली, म्हणे. आता एक पानही ठेवायला जागा नाही. दुपारी वह्यांची मुखपृष्ठं द्यायची होती, त्यामुळे थोरल्या भावाचा पारा चढला. त्या कचऱ्याच्या फोल्डरात तात्पुरत्या फाइलीच आहेत ना, उडव सगळ्या, नाहीतर बंद करून चालू कर, असं फर्मान सोडून तो शाई बघायला गेला.

धाकट्याला असली घाई मानवत नसे. इथल्या लिनक्स प्रणालीवर पुसलं ते गेलंच, हे तो एकदा हात पोळून शिकला होता. त्याची रीत ठरलेली: आधी नुसती यादी काढायची, दहा दिवसांत कुणी हात न लावलेल्या फाइली वेगळ्या करायच्या, चालू प्रोग्रॅमने एखादी धरून ठेवलीय का ते बघायचं, आणि शेवटी फाइलीचा मालक कोण ते. छपाईचा खंडीभर कचरा निघाला. त्यातच एक जाडजूड फाइल होती, बारा दिवस कुणी न उघडलेली. नियमाने ती जायलाच हवी होती. पण मालक निघाली वहिनी, इथे पानं जुळवणारी.

त्याने विचारताच वहिनी गोरीमोरी झाली. ते तिचं मुलांच्या गोष्टींचं पुस्तक होतं, दोन वर्षं खपून लिहिलेलं, आणि दुसरी प्रत नव्हती. नवरा दिसेल त्या ओळीला लाल पेन लावतो, कचऱ्यात मात्र डोकावत नाही, म्हणून बाईसाहेबांनी अक्कल लढवून ते तिथे ठेवलेलं.

"वहिनी, कॉम्प्युटर बंद झाला की हे फोल्डर आपोआप रिकामं होतं."

तेवढ्यात थोरला परतला. अजून झालं नाही म्हणताच त्याने थेट बटणाकडे हात नेला. वहिनीने तो हात घट्ट धरला.

"अहो, थांबा. माझं पुस्तक आहे त्यात."

थोरला जागच्या जागी थबकला. धाकट्याने पुस्तक वहिनीच्या फोल्डरात हलवलं, पेनड्राइव्हवर प्रत काढली, ती उघडते का पाहिलं आणि मगच बाकीचा कचरा पुसला. जागा झाली, मुखपृष्ठं सुटली.

थोरल्याने मात्र खुर्ची ओढली आणि सवयीने कानावरचं लाल पेन काढलं. पडद्यावर पुस्तक उघडून तो वाचू लागला. चार पानं झाली, पाच झाली, आणि हा बाबा चक्क खुदकन हसला. मग त्याने पेन बायकोच्या हातात दिलं.

"काय दुरुस्त करायचं ते तूच कर. वह्यांनंतर हेच छापू."