नळीचं तोंड

"अहो, ताट वाढून ठेवलंय. ते बाटले काही पळून जात नाहीत," मी पुन्हा म्हणाले.

ऐकतील तर ते आमचे हे कसले. पडवीत गोणपाटावर आग विझवायचे दोन लोखंडी बाटले आडवे ठेवले होते, एक काळा आणि एक लाल. सकाळपासून हे त्यांच्याभोवती फिरत होते. काळ्यापाशी बसायचे, मान हलवायचे, उठायचे, मग लालपाशी बसायचे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखं चाललं होतं नुसतं.

"मालन," शेवटी म्हणाले, "तू सांग. गॅस की पावडर?"

"मला विचारताय? मी भाताला आधण ठेवणारी बाई."

"तरी पन सांग."

आमचे हे म्हणजे वसईजवळच्या वटारचे तुळशीदास. आमची वाडी पानवेलीची, पण यांचा जीव पाण्याच्या इंजिनात आणि औषध मारायच्या पंपात. गावात कुणाचं इंजिन अडलं की हाक इकडेच यायची. शाळा चार बुकं झालेली. हात चांगला, पण निर्णय घ्यायची वेळ आली की माणूस पार गोंधळून जायचा. बाजारात चप्पल घ्यायला गेले तरी एक पाय या दुकानात, एक त्या दुकानात.

आणि अशा माणसावर फ्रान्सिसनं हे काम टाकलं होतं.

फ्रान्सिस म्हणजे कुंपणापलीकडच्या क्लेमेंटीनबायचा मुलगा. आमच्या घरात पाळणा हलला नाही. फ्रान्सिस आमच्याच पडवीत रांगला, यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकला. पुढे मुंबईला गॅरेजात लागला आणि तिथून त्याच्या डोक्यात शर्यतीचं खूळ शिरलं. एक जुनी फियाट आणली, आतलं सगळं उपटून टाकलं, एकच खुर्ची ठेवली, डोक्यावर लोखंडी पाइपाची कमान बसवली. अठ्ठ्याहत्तर साल होतं. मद्रासकडे कुठे तरी विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. ती गाडी म्हणजे त्याची सगळी कमाई, लग्नसुद्धा त्यानं तिच्यापायी पुढे ढकललेलं.

"काका, रूल आहे," तो म्हणाला होता. "गाडीत फिक्स केलेली आग विझवायची सिस्टीम पाहिजे. नसली तर गेटवरूनच परत पाठवतात. हे दोन बाटले मिळालेत जहाजाच्या भंगारात. तुम्ही सांगाल तो बसवू."

तो सांगून मोकळा झाला आणि आमच्या घराची झोप उडाली.

हे सायकल काढून विरारला हरेश्वरकडे गेले. हरेश्वर एका कारखान्यात आग विझवायच्या खात्यात कामाला होता. संध्याकाळी परत आले ते आणखीनच गोंधळून.

"काय म्हणाला हरेश्वर?"

"म्हणतो, गॅस चांगला, मागं कचरा राहत नाय. पन काचा बंद असल्या तर आतला मानूस गुदमरतो. काचा उघड्या असल्या तर गॅस वाऱ्यावर जातो."

"मग पावडर."

"पावडर आगीला भारी. पन गाडीच्या हादऱ्यानं बसते, चुन्यासारखी घट्ट होते. आनि उडाली की डोळ्यांसमोर काय दिसत नाय."

"मग घ्यायचं काय?"

"मी पन तेच विचारलं. तर म्हणतो, पानी सोडून काहीही."

शेवटी पावडर ठरली. ठरली म्हणजे मी ठरवली. काळा, गॅसचा बाटला उचलून कणगीमागे ठेवला आणि म्हटलं, आता दिसत नाही ना, मग विसरा. त्यांना एवढं हायसं वाटलं की दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग काम सुरू झालं. औषधाच्या पंपाच्या पितळी नळ्या त्यांनी कापल्या. बाटला खुर्चीच्या मागे पट्ट्यांनी आवळला. सायकलच्या ब्रेकची तार बाटल्याच्या दांड्याला बांधून फ्रान्सिसच्या उजव्या हाताशी आणली. तार ओढली की दांडा दबायचा; एरवी चुकून दबू नये म्हणून त्यात एक पिन. पहिल्या परीक्षेला वाडीच्या कडेला पिंपात केळीची वाळकी पानं पेटवली, तार ओढली, आणि नळीतून नुसती फुसफुस. पावडर तोंडाशीच अडकली. फवाऱ्याच्या तोंडात औषध बारीक करायची चकती असते, ती काढायची राहिली होती. दुसऱ्या वेळी चकत्या काढल्या, तेव्हा आग बसली आणि आम्ही सगळे भुतांसारखे पांढरे झालो. क्लेमेंटीनबाय हसून हसून कुंपणाला टेकली. बाटला दर वेळी हरेश्वरकडून पुन्हा भरून आणायचे.

पावडर बसू नये म्हणून हे रोज संध्याकाळी बाटला सोडवून आणायचे, ओट्यावर मांडीवर घेऊन हळूहळू इकडून तिकडे झुलवायचे. येणारे-जाणारे थट्टा करायचे. मी करत नव्हते.

नळ्यांची तोंडं त्यांनी सगळी इंजिनाकडे केली होती. फ्रान्सिसनं वाकून पाहिलं.

"बरोबर, काका. आग तिथंच लागते."

"पानी मुळालाच द्यायचं," हे म्हणाले. जन्मभर पानवेल शिंपलेला माणूस. वेलीच्या पानावर कुणी पाणी मारत नाही, बुंध्याशी सोडतात. तीच सवय हाताला होती.

फ्रान्सिस मुंबईला गेला. गाडी न्यायला ट्रक दोन दिवसांनी येणार होता. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर हे गाडीत फ्रान्सिसच्या खुर्चीवर बसलेले. मी बाहेरून नळ्या बघितल्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण डोळे तर आहेत.

"अहो, सगळ्या नळ्या तिकडे. आणि पोरगा इथं बसणार."

"आग तिकडं लागनार ना."

"पाणी मुळाला देता, पण करपा रोग पडला की औषध कुठं मारता? पानावरच ना?"

त्यांनी कप हातात धरला तो तसाच. चहावर साय आली. मी घरी येऊन भांडी घासली, तरी ते तिथंच. संध्याकाळी आले आणि ओटीवर बसून बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी देव जाणे.

"बाटला एकच. चार तोंडं केली तर जोर राहत नाय, करून बघितलं. इंजिनाला दिली तर आग विझेल, मग पोराला काय व्हायचं कारन नाय. पन नाय विझली तर? पोराला दिली तर गाडी जाईल. गाडी गेली तर तो... मालन, काय करू?"

"पोराला द्या," मी म्हणाले. मी आजही तेच म्हणेन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळ्या वाकवून तोंडं फिरवली. एक खुर्चीच्या पायाशी, एक छातीसमोर. इंजिनाकडे काही राहिलं नाही.

"फ्रान्सिसला सांगा हं," मी बजावलं.

"सांगतो तर."

ट्रक आला तेव्हा अंगणात जत्रा. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, मी नारळ वाढवला, क्लेमेंटीनबायनं दोन्हींना हात जोडले. फ्रान्सिस घाईत होता, दोर आवळत होता, ट्रकवाल्याशी भांडत होता. हे त्याच्या मागे मागे फिरत होते. तोंड उघडायचे, मिटायचे. ट्रक सुरू झाला तेव्हा धावत गेले आणि ओरडले, "शर्यतीच्या आधी बाटल्याची पिन काढ रे."

"काढतो, काका." ट्रक गेला.

"सांगितलंत?"

"सांगायचं राहिलं," म्हणाले, आणि रिकाम्या जागेत उभे राहिले.

फ्रान्सिस परत आला तो गाडीशिवाय. हातात पिशवी आणि पिशवीत गाडीचं स्टेअरिंग, काळं पडलेलं. त्याच्या कानांत अजून पांढरी पावडर होती. तो आधी आमच्याकडे आला, आईकडेसुद्धा नंतर गेला.

"नळ्या कुणी फिरवल्या?"

हे उभे राहिले. "मी."

"पेट्रोलची नळी सुटली, काका. बॉनेटमधून ज्वाळा आली. मी तार ओढली, तर सगळं माझ्याच अंगावर. डोळ्यांना दिसेना, चाचपडत बाहेर पडलो. इंजिनावर एक फुंकर नाय गेली. माझ्यासमोर जळली गाडी. तिथले लोक म्हणाले, इंजिनावर मारलं असतं तर तेव्हाच विझली असती."

"तुला सांगायचं होतं रे."

"गाडी माझी होती. मला विचारायला पाहिजे होतं."

तो गेला आणि मग आमच्या पायरीवर चढला नाही. शर्यत सुटली, मुंबई सुटली, वसईत मोटारी दुरुस्त करायला लागला. रस्त्यात दिसला तर मान खाली घालायचा. यांना ते लागलं. हरेश्वरला विचारून आले, तर तो म्हणाला, पेट्रोलची आग, विझली असती किंवा नसती. म्हणजे पुन्हा तेच. रात्री-बेरात्री मला उठवून विचारायचे, "मी चुकलो का गं?" मी म्हणायचे, झोपा. दुसरं काय म्हणणार.

एक गोष्ट मी त्यांना दाखवली नाही. फ्रान्सिस आला त्याच आठवड्यात क्लेमेंटीनबायनं मला कुंपणापाशी बोलावलं होतं आणि पदराखालून त्याचे बूट काढले होते. बुटांचे तळ वितळून पसरले होते.

"बघ, आग पायाशी आलेली," ती म्हणाली. "तो म्हनतो गाडीतून बाहेर पडल्यावर झालं. मी काय विचारत नाय." बूट परत पदराखाली गेले. पण दर नाताळला तिच्या घरून ताट यायचं, मुलगा बोलत नसला तरी. मी ते बूट यांना दाखवायला हवे होते की नको, हे मलाही कधी नक्की कळलं नाही. दाखवले असते तर एक शंका गेली असती आणि दुसरी चार आली असती. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता.

पुढे यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. त्या वैशाखात विहिरीवरचं इंजिन बंद पडलं आणि वेली माना टाकायला लागल्या. मी कुणाला बोलवावं या विचारात होते, तर एका सकाळी फ्रान्सिस कुंपण ओलांडून आला. आईनं पाठवलं की आपण होऊन आला, मी विचारलं नाही. त्यानं बाह्या वर सारल्या आणि इंजिनाशी बसला.

हे खाटेवरून बघत होते. खाट मी विहिरीपाशी आणून ठेवली होती.

"फ्रान्सिस," यांची जीभ जड झाली होती, "मी चुकलो का रे?"

फ्रान्सिसचा हात थांबला. "मला नाय कळत, काका," तो म्हणाला. "अजून नाय कळत. चौदाचा पाना द्या."

पाना यांच्या उशाशी होता. उजव्या हातानं त्यांनी तो पुढे केला. फ्रान्सिसनं घ्यायला हात लांबवला, तर यांनी पाना सोडून त्याचं मनगटच धरलं. त्याचा हात जवळ ओढला, वरून बघितला, मग उलटा करून तळव्याकडून बघितला. विड्याचं पान खुडलं की करप्यासाठी दोन्ही बाजूंनी बघतात, तसा. तीच पकड मनगटापासून कोपरापर्यंत सरकवत नेली. ऑइल होतं, जुना एक पान्याचा ओरखडा होता. भाजल्याचा डाग कुठे नव्हता.

"बरं," हे म्हणाले आणि हात सोडला.