किमिमारोंच्या काड्या

महिन्यातले सहा दिवस मी एकभुक्त राहते आणि त्या दिवशी कुणाविषयी वाईट बोलत नाही. नेमके अशाच एका दिवशी आमच्या वस्तीचे मुकादम सकाळीच दारात उभे राहिले.

"काकू, तुमच्या दारापुढे नाल्यात पुन्हा घाण! आता तुमच्या नळात मातीचा बोळा कोंबतो."

इथे जपानच्या राजधानीत, नारा नगरीत, नाल्याचं पाणी लाकडी नळातून एकेकाच्या परसात शिरतं, संडासाखालून वाहतं आणि परत नाल्याला मिळतं. घाण ज्यानं त्यानं आपल्या खड्ड्यात अडवायची, असा नियम. नळ बुजला तर सासूबाईंनी जायचं कुठे? वय ऐंशीच्या पुढे. परसापर्यंतची दहा पावलं, तीही माझ्या खांद्यावर हात ठेवून.

वरच्या घरातल्या कारकून किमिमारोंचा खड्डा कधीच भरून गेलाय, हे गल्लीला ठाऊक होतं. पण माझा नेम होता.

"अगं, बोल की!" आतून सासूबाई कडाडल्या. "नेम तुझा, माझा नाही. मुकादम, वरच्या घरी जा!"

"तिथूनच आलोय, आजी. किमिमारो म्हणतात, त्यांचं परस आरशासारखं लख्ख आहे."

"मग त्यात थोबाड बघ म्हणावं!"

मी चिमटा हातात घेतला आणि नाल्यात अडकलेल्या, शौचानंतर अंग पुसायच्या काड्या उचलू लागले. आमच्या काड्या कुंपणाच्या ढलप्यांच्या, ओबडधोबड. या मात्र गुळगुळीत होत्या, वर शाईच्या खुणा. मला वाचता येत नाही. एकेक धुऊन मी दगडावर ओळीनं मांडत गेले. मनात काहीच नव्हतं असं म्हणणार नाही. खोटं बोलणंही नेमात बसत नाही.

मुकादम नाक धरून वाकले.

"किमिमारो... किमिमारो... कारकून किमिमारो..." त्यांचे डोळे बारीक झाले. "थोरले कारकून किमिमारो?"

कचेरीत लिखाणासाठी वापरलेल्या टाकाऊ लाकडी पट्ट्या घरी आणायच्या, बढतीच्या आशेनं त्यांवर आपलंच नाव गिरवायचं आणि मग चिरून काड्या करायच्या, असा किमिमारोंचा उद्योग.

"अक्षर मात्र सुरेख आहे हो," म्हणत मुकादमांनी चार काड्या फडक्यात गुंडाळल्या आणि ते वरच्या घराकडे वळले.

तिसऱ्या दिवशी किमिमारो स्वतः कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून उपसत होते. त्यांची बायको इनामे खारवलेली वांगी घेऊन मागच्या दारानं आली.

"काकू, तुम्ही यांचं नावसुद्धा घेतलं नाहीत म्हणे."

"तिनं कशाला घ्यायचं?" सासूबाई म्हणाल्या. "त्यानंच घेतलं की, ओळीनं!"

इनामे बाहीआड हसली.

आता नाला स्वच्छ आहे. रोज सकाळी आम्ही दोघी परसात निघालो की भिंतीपलीकडून खर्र खर्र ऐकू येतं. खड्डा उपसला तरी किमिमारो काड्या चिरण्याआधी चाकूनं नाव खरवडून काढतात. सासूबाई पाचव्या पावलावर थांबतात, कान देऊन हसत राहतात, आणि उरलेली पाच पावलं टाकायची आठवण मला करून द्यावी लागते.