परस कुणाचा

परस म्हणजे किती, हे पुण्याच्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. परभणीच्या पाणी-सर्वेक्षणाच्या कचेरीत कॉम्प्युटर बसवायला तो आला, चार दिवस राहिला, जेवण तिखट लागतं म्हणून कुरकुरला आणि प्रोग्राममध्ये एक ओळ लिहून गेला : परस म्हणजे सहा फूट. इकडची माणसं विहिरीची खोली परसात, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीत, सांगतात, एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं.

चांगुणा त्या कचेरीत नकाशे काढायची. ब्याण्णव सालच्या वैशाखात तिनं बोअरसाठी निवडलेल्या गावांची यादी छापली. तिच्या माहेरचं गाव त्यात नव्हतं. चाळीस फूट खोल जाऊनही कोरडी पडलेली विहीर असेल त्याच गावाला बोअर, असा नियम होता. तिचं माहेर पालमकडचं. तिथल्या बौद्धवाड्याची विहीर सहा परस. मशीननं सहा सक छत्तीस केले आणि गाव यादीबाहेर टाकलं. तिची माय केशरबाई महिनाभर दीड कोसावरून पाणी आणत होती, आणि यादी सोमवारी वर जायची होती.

ती साहेबांकडे गेली. किशनराव साहेब मनानं वाईट नव्हते, फक्त कामाला लवकर कंटाळायचे.

"पालमकडं परस हात वर करून मोजतात साहेब. जिंतूरकडं डोक्यापर्यंतच. मशीन सगळ्यांना एकच माप लावायलंय."

"मग परस सात फूट करून टाका."

"मग जिंतूरच्या विहिरी उगाच खोल जातील."

"तर तुमच्या गावापुरता आकडा बदला अन् मोकळ्या व्हा. कोण बघायलंय?"

चांगुणाला राग आला, आणि तो तिनं चेहऱ्यावर येऊ दिला. नामांतरासाठी तिच्या बापानं लाठ्या खाल्ल्या होत्या. एका नावासाठी माणसं कुठवर जातात हे तिनं घरात पाहिलं होतं. आकडा गुपचूप बदलला तर उद्या सगळं गाव म्हणणार, वाड्याच्या पोरीनं वाड्याची विहीर कागदावर खोल केली. "बदलायचं तर सगळ्यांचं बदलंल," ती म्हणाली, "न्हाईतर कुणाचंच न्हाई." साहेबांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला. फीत टाकून मोजा म्हणणं सोपं होतं, पण विहिरी दोनशे बारा, फीत एक आणि जीप गॅरेजात.

नकाशाच्या त्या प्रोग्रामच्या पोटात एक छोटी भाषा होती, लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेच्या घराण्यातली. सगळा कारभार कंसात. कंसात नाव दिसलं की मशीन आधी त्याची किंमत शोधतं आणि मगच पुढं सरकतं. ही किंमत सगळ्या जिल्ह्याला एकच, इथंच घोडं पेंड खात होतं. पण त्या भाषेत एक सोय होती. कंसाआधी चिमुकलं अवतरणचिन्ह दिलं की मशीन किंमत काढत नाही, आतली नावं जशीच्या तशी हातात देतं. चांगुणानं ठरवलं, नावाचा अर्थ मशीननं लावायच्या आधी आपण लावायचा.

तिनं स्वतःचं एक फंक्शन लिहिलं. ते एकेक नाव तपासायचं. नाव दुसरं काही असलं तर मशीनच्या हवाली करायचं, मशीन नेहमीसारखी किंमत काढायचं. पण नाव 'परस' असलं तर आधी गाव विचारायचं, मग त्या गावची विहीर कुणी खांदली ते बघायचं आणि त्या माणसाचं माप आणायचं. पहिल्या दिवशी तिनं चूक केली. परसाची किंमत सांगताना फंक्शन पुन्हा परसच विचारायचं, आणि मशीन घाण्याच्या बैलासारखं गरगरत राहायचं. तीन वेळा बंद करून चालू केलं तेव्हा ती चूक सापडली.

दोनशे बारा विहिरी असल्या तरी खांदणारे मुकादम चारच निघाले. तिघांची मापं तालुक्यांच्या माणसांनी आणली. चौथा मुंजाजी, पालमकडच्या चाळीस गावांचा परस. त्याच्याकडे गुरुवारी चांगुणा स्वतः एसटीनं गेली.

मुंजाजी सत्तरीचा, पाठीत वाकलेला. "मी आता तेवढा राहिलो न्हाई पोरी," असं म्हणून तो ओसरीवर चक्क आडवा झाला आणि हात डोक्यामागं लांब केला. चांगुणानं टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत फीत धरली. सहा फूट सात इंच.

तिनं मनात सहानं गुणलं आणि फीत पुन्हा एकदा बघितली. साडेएकोणचाळीस फूट.

"किती पाह्यजे व्हतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"एक इंच जास्त."

"मग ताणतो की अजून."

एक इंच. टाचेपाशी फीत थोडी सैल धरली असती तरी भागलं असतं. मायच्या डोक्यावरचा हंडा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. पण हा इंच एका विहिरीचा नव्हता, चाळीस गावांचा होता. "नगं मामा," ती म्हणाली आणि सहा फूट सात इंचच लिहिलं. लिहिताना तिला रडू आलं.

शुक्रवारी प्रोग्राम चालला. पालमकडची अकरा गावं नव्यानं आत आली, जिंतूरकडची पाच बाहेर गेली. तिचं गाव बाहेरच राहिलं. संध्याकाळच्या एसटीनं ती घरी गेली आणि मायला सगळं सांगितलं. मायला खोटं सांगायची तिला सवय नव्हती.

केशरबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे अर्धा फूट कमी पडायलाय?"

"व्हय."

"तळाला मुरूमच हाय. एवढंच व्हय? मग खांदू की." आणि ती पहार शोधायला उठली.

शनिवारी सकाळी वाड्यातल्या नऊ बायका पहारी-घमेली घेऊन कोरड्या विहिरीत उतरल्या. निरोप मिळताच आलेला मुंजाजी काठावर बसून शिव्या घालत होता आणि शिकवतही होता. रविवारी दुपारी त्याला दोरानं खाली सोडलं. त्यानं जुन्या तळाच्या खुणेपासून नव्या तळापर्यंत आपला पंजा ताणून लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर एक वीत. ग्रामसेवकानं वर उभं राहून नवा कागद भरला : सहा परस, एक वीत. चांगुणानं मुंजाजीच्या पंजावरही फीत धरली. नऊ इंच.

सोमवारी कागद मशीनला घातला तर ते अडलं. 'वीत' हे नाव त्याला ठाऊक नव्हतं. चांगुणानं फंक्शनमध्ये एक शब्द वाढवला : परस असो की वीत, ज्यानं खांदलं त्यालाच विचार. मशीननं मुंजाजीला विचारलं आणि आकडा छापला, चाळीस फूट तीन इंच.

किशनराव साहेबांनी यादी वरून खाली वाचली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "शुक्रवारी हे गाव नव्हतं. शेवटी बदललाच ना आकडा?"

"आकडा न्हाई साहेब," चांगुणा म्हणाली, "विहीर बदलली."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.