सहा पत्र्यांची मोजणी

“किती पुरलेत?” रोपवालीनं कुदळ रोवून विचारलं.

“सहा,” नवरा म्हणाला. “की पाच? नाही, सहाच.”

ह्या माणसाला गावात सगळे ‘इंजिनियर’ म्हणत, आणि तो ते कौतुक समजे. रोपवालीची भाजीची रोपं दर थंडीत गारठून मरत. जमिनीखालचं कोमट पाणी नळ्यांतून शेडमध्ये फिरवलं तर ती जगतील, म्हणून यंत्रानं जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या मोजणीवाल्याला बोलावलं होतं. साऱ्या गावात मिळून बोअर एकच मारायचं होतं, यंत्र सांगेल तिथं. कोमट पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज सहज वाहते आणि यंत्राचा काटा चढतो, असं मोजणीवाल्यानं चहा पिताना सांगितलं. इंजिनियरनं तेवढंच धरलं आणि काटा आपल्याच शेतात चढावा म्हणून पहाटे उठून गंजके पत्रे वाफ्यांशेजारी पुरून टाकले.

मोजणी सुरू होताच काटा असा चढला की मोजणीवाल्यानं यंत्रच खाली ठेवलं.

“बाई, खाली लोखंड आहे. नकाशात तुमचं शेत कोरं राहणार.”

“अन् लोखंड काढलं तर?”

“उद्या सकाळी निघतोय. त्याआधी सगळं काढा, पुन्हा मोजतो.”

दुपारभर तिनं खणलं. इंजिनियर बांधावर बसून दिशा दाखवत होता. पाच पत्रे निघाले, सहावा काही निघेना.

“खोल गेला असेल गं.”

“पत्रा काय गाजर आहे, खाली वाढायला?”

तिला रडू येत होतं. पण ह्याच्यासमोर रडावं, तर हा त्यावरही सल्ला देणार. ती खणत राहिली. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा चिखल मऊ लागला आणि घोट्यांभोवती पाणी चढलं. कोमट होतं. ती कुदळ टाकून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात खुराड्यामागून नवऱ्याची हाक आली. “अगं, सहावा इथंच आहे! पुरायचा राहिला!”

सकाळी मोजणीवाल्यानं पुन्हा यंत्र फिरवलं. काटा नीट, शहाण्यासारखा चढला. मग त्यानं खड्ड्यात थर्मामीटर बुडवला, दोनदा पाहिला आणि नकाशावर तिथंच फुली मारली.

इंजिनियर छाती काढून पुढं झाला. “साहेब, जागा मीच दाखवली.”

“ह्यांनीच,” रोपवाली हाताचा चिखल झटकत म्हणाली. “नकाशावर ह्यांचंही नाव घाला. म्हणजे पुढच्या वेळी आधी ह्यांना उचलून बाजूला ठेवता येईल.”