वाळूतला चंद्र

शाळेच्या मागच्या भिंतीला हात लावून नोरीन धापा टाकत पुढच्या अंगणात आली. वाळूच्या खड्ड्यात रॉडनी आणि टॉमी पाय जुळवून सावकाश उड्या मारत होते.

"मी येऊ का आता?" तिनं विचारलं.

"तू वर. फिर," रॉडनी म्हणाला. "आणि मागे गेलीस की बडबड करायची नाही. चंद्राच्या मागून आवाज येत नाही."

"रोज मीच का?"

"तुझा बाप उतरला होता का?"

नोरीन पुन्हा पळू लागली.

ह्यूस्टनबाहेरच्या आमच्या त्या तळ्याकाठच्या, अंतराळवीरांच्या गल्लीत कुणाचा बाप आकाशात जाऊन आला, याचं काडीचं कौतुक नव्हतं. उतरला की नाही, एवढंच विचारत. रॉडनीचा बाप उतरला होता, चंद्रावर चालला होता. नोरीनचा बाप लॉयड त्याच मोहिमेत होता, पण दोघं खाली गेले की मोठं यान घेऊन कुणीतरी वर घिरट्या घालायच्या असतात. त्या लॉयडच्या वाट्याला आल्या. पोरांनी त्याचाच खेळ केला. दोघं वाळूत, एक शाळेभोवती. रॉडनीनं "चला घरी" म्हणून हाक मारली की वरच्यानं यायचं आणि हात धरून त्यांना बाहेर काढायचं. त्याआधी वाळूतल्याचं पाऊल बाहेर पडलं तर तो मेला, आणि मेलेल्याला पुन्हा खेळात घेत नसत. रॉडनी एकदाही मेला नव्हता. हे तो येता-जाता ऐकवायचा.

नोरीनला एकदाच त्या वाळूत उतरायचं होतं. बस्स, एवढंच.

शुक्रवारी मिसेस ओल्सननी लॉयडला वर्गावर बोलावलं होतं, चंद्रावर माणसं कशी चालतात ते मुलांना समजावून सांगायला. सकाळी न्याहारीच्या टेबलाशी नोरीन त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली.

"डॅडी, तुम्हीपण चाललात म्हणून सांगा ना. थोडंसंच. एकच पाऊल."

लॉयड टोस्टला लोणी लावत राहिला. सगळ्या कडांपर्यंत लावून झालं तरी त्यानं सुरी खाली ठेवली नाही.

"बघू या," तो म्हणाला.

वर्गात तो छान बोलला. माणूस मुळात चांगला, पोरांशी बोलायची हातोटी होती त्याला. पुढच्या बाकावरचं एक दप्तर त्यानं उचलून दाखवलं.

"हे तिथे उचललंत, तर यात काही आहे की नाही अशी शंका येईल. आपलंही वजन तसंच घटतं. पाऊल टाकायला जावं तर माणूस वरच जातो, आणि खाली यायची त्याला काही घाईच नसते. म्हणून ते उड्या मारत चालतात. वारा नाही, त्यामुळे पायाखालची धूळ तरंगत राहत नाही, उडते आणि सरळ खाली पडते. आणि पावलाचा ठसा उमटला की उमटला. पुसणार कोण?"

"तुमचा ठसा आहे का तिथे, सर?" रॉडनीनं विचारलं. कार्टं एक नंबरचं लबाड, सगळं ठाऊक असून विचारत होतं.

नोरीन बापाच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," लॉयड म्हणाला. "मी वर होतो."

मागच्या बाकांवर फिसफिस झाली. नोरीन खाली वाकली आणि बांधलेलीच बुटाची नाडी पुन्हा बांधू लागली. लॉयडनं ते पाहिलं. त्यानं तिथेच थांबायला हवं होतं, पण त्याला ते हसणं लागलं असावं.

"वर राहणाऱ्याचं काम सांगतो," तो म्हणाला. "खालच्यांना वर यायला एकच इंजिन असतं. ते सुरूच झालं नाही तर?"

"तुम्ही खाली जाऊन त्यांना आणायचं!" टॉमी ओरडला.

"माझं यान खाली उतरूच शकत नाही."

"मग?"

"मग मी एकट्यानं घरी यायचं. तसं ठरलेलंच होतं."



"माझ्या डॅडींना सोडून?" रॉडनीनं विचारलं.

लॉयडनं हातातल्या खडूकडे पाहिलं.

"हो, बाळा. सोडून."

"पण इंजिन सुरू झालं ना!" मिसेस ओल्सन घाईघाईनं म्हणाल्या. "टाळ्या वाजवा बघू सगळ्यांनी!"

सगळ्यांनी वाजवल्या. नोरीननं वाजवल्या नाहीत. नाडी तशीच ठेवून ती रॉडनीकडे बघत होती. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

शाळा सुटल्यावर लॉयड मिसेस ओल्सनबरोबर कॉफी घेत आत बसला. अंगणात रॉडनीनं नेहमीपेक्षा जोरात आवाज काढला.

"नोरीन, तू वर!"

ती निघाली.

वाळूच्या कडेला लाल मुंग्यांनी वारूळ केलं होतं. उड्या मारता मारता टॉमीचा पाय त्यात गेला.

"आई गं! मेलो तर मेलो, खड्ड्यात गेला तुझा चंद्र!" असं म्हणून तो पोटऱ्या झटकत पळाला. रॉडनी जागचा हलला नाही. मुंग्या त्याच्याही मोज्यांवर चढल्या होत्या.

"नोरीन! चला घरी!"

ती कोपऱ्यावरून आली आणि वाळूच्या काठाशी थांबली. रॉडनीनं हात पुढे केला. नोरीननं त्या हाताकडे नीट पाहिलं, मग वळली आणि चालत बापाच्या गाडीत जाऊन बसली.

लॉयड आला, स्टिअरिंगमागे बसला. किल्ली लावताना त्याचं समोर लक्ष गेलं. वाळूत रॉडनी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात अजून पुढेच होता.

"तो तिथे का उभा आहे?"

"त्याचं इंजिन सुरू झालं नाही, डॅडी."

लॉयडनं दाराच्या कडीला हात घातला.

"वरच्यानं खाली उतरायचं नसतं," नोरीन म्हणाली, आणि तिनं आपल्या बाजूची काच वर केली. रॉडनीची हाक ऐकू येईनाशी झाली.