दोन रखमाजी

लोणवाडकरांचं कुलसंमेलन नामपल्लीच्या एका फंक्शन हॉलमध्ये भरलं, तेव्हा मी माझी वही कापडी पिशवीत घालून बरोबर नेली होती. पत्रिकेत माझं नाव नव्हतं. पण ऐन वेळी कोणी दोन शब्द बोला म्हणालं तर जवळ असावी.

त्या वहीत माझी तीस वर्षं आहेत. माझी नोकरी जुन्या उर्दू दस्तांचं भाषांतर करण्याची. सुटीच्या दिवशी मी आमच्याच घराण्याचे कागद धुंडाळत असे, कधी गावी, कधी अफझलगंजच्या ग्रंथालयात. वही छापायचं मात्र धाडस झालं नाही. आपलं काही चुकलं असेल, ही धाकधूक कायम.

हॉलमध्ये शिरलो आणि समोर भिंतभर वंशावळ. रंगीत फ्लेक्स, प्रत्येक नावाला चौकट, चौकटीत फोटो. लोक आपापली चौकट शोधून तिच्याखाली सेल्फी काढत होते.

"आजोबा, हे सगळं हर्षदादाने एकट्याने केलं," माझी नात योगिनी म्हणाली. "फक्त तीन महिन्यांत!"

तीन महिने हे शब्द मला दिवसभर टोचत राहिले.

हर्षवर्धन आमच्या दूरच्या शाखेतला, पुण्यात वाढलेला, चार वर्षांपासून इथे गच्चीबावलीला नोकरीत. उंच, हसतमुख. माझी सून वंदना त्याला ओढून बगारा भात वाढत होती, म्हाताऱ्या बायका त्याच्या गालावरून हात फिरवत होत्या. त्या बायकांना मी गेली साठ वर्षं ओळखतो. माझ्या वहीबद्दल एकीने कधी विचारलं नाही.

माझा चुलतभाऊ हिम्मतराव संमेलनाचा अध्यक्ष. तो मला धरून फ्लेक्सपाशी घेऊन गेला. "दादा, वरचं साल बघा. तेराशे अठ्ठ्याऐंशी! निजाम-बिजाम सगळे नंतरचे. कायको डरना किसी से?"

सगळ्यात वर सोनेरी चौकट होती : मूळपुरुष रखमाजी, इ. स. १३८८. त्याखाली ठिपक्यांची लांब रेघ, 'मधल्या पिढ्या अज्ञात'. मग पुन्हा रखमाजी, आणि त्याच्याखाली माझे आजोबा.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन्ही रखमाजी एकच होते. ते माझे पणजोबा. त्यांना जमीन मिळाल्याचा कागद मीच शोधला होता. साल १३१०, पण फसली. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनाने चालत; त्यात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १९००. या मुलाने तो शक धरून अठ्ठ्याहत्तर मिळवले होते.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण इतका आनंद नात झाली तेव्हाही झाला नसेल. मी पिशवीतली वही चाचपली. सत्कार होऊ दे, शाल खांद्यावर पडू दे, मग उठेन आणि सगळ्यांसमोर सांगेन. मनातल्या मनात वाक्यं जुळवत मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. एरवी मी शेवटच्या रांगेत बसतो.

हर्षवर्धनला शाल दिली. टाळ्या थांबेनात. त्याने माइक घेतला.

"यातलं माझं काही नाही," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी एका लग्नात एकनाथआजोबांनी माझ्या बाबांना त्यांच्या वहीची झेरॉक्स दिली होती. ती मी फक्त कॉम्प्युटरवर चढवली. आजोबा, वर या ना."

झेरॉक्स दिल्याचं मी साफ विसरलो होतो. योगिनीने मला ढकललंच. स्टेजवर त्याने माझ्या पाया पडून फोनवर ते पान दाखवलं. माझंच अक्षर. 'सन १३१०, रखमाजीस जमीन मिळाली.' फसली हा शब्द नव्हताच. आमच्या घरी सन म्हटलं की फसलीच; तो लिहायचा असतो हे मला सुचलंच नव्हतं.

हिम्मतरावाने माझ्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या या वेळी माझ्यासाठी होत्या. गप्प बसलो असतो तर त्या माझ्याच राहिल्या असत्या. पण सोनेरी चौकटीतून पणजोबा माझ्याकडे बघतायत असं वाटत राहिलं.

"साल चुकलंय," मी म्हणालो. माइक शिट्टी वाजवायला लागला. "ते फसली आहे. एकोणीसशे साल. दोन रखमाजी नाहीत, एकच. आणि चूक... चूक माझी. मी लिहिलं नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे सव्वाशेच वर्षं?"

हिम्मतराव माझ्या कानाशी आला. "आजच सांगायचं होतं का, दादा? उद्या फोन केला असता तर काय बिघडलं असतं?"

हर्षवर्धन मात्र हसला. "अरे वा! म्हणजे मूळपुरुष सहाशे वर्षांपूर्वीचे कोणी अनोळखी नव्हेत, आजोबांचे थेट पणजोबा! आपल्याकडे त्यांच्या गोष्टी सांगणारा माणूस आहे!" त्याने कोणाकडून तरी मार्कर मागितला, खुर्चीवर चढला, सोनेरी चौकट आणि ठिपके खोडले, खालच्या रखमाजीपुढे लिहिलं, 'इ. स. १९००, फसली १३१०'.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "एवढी मेहनत आपल्या हाताने खोडली! काय मन आहे पोराचं!" वंदना डोळे पुसत होती. मी शाल सावरत स्टेजच्या कडेला उभा होतो.

परत जाताना कारमध्ये योगिनी म्हणाली, "हर्षदादा किती छान वागला ना?"

"हो," मी म्हणालो. वही काढली आणि १३१० च्या मागे बारीक अक्षरात फसली लिहिलं. गाडीच्या धक्क्याने ते वाकडं आलं. त्याने खुर्चीवर उभं राहून लिहिलेलं मला आठवत होतं. सरळ, गोल, सुबक. अक्षरसुद्धा त्याचंच चांगलं होतं.