साडेचार बोटं

येसाजी मेंढ्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडत होता आणि पाठीवर एक थेंब उडणार नाही याची काळजी घेत होता. बादली अर्धी झाली होती. तेवीस मेंढ्या आंब्याखाली एकमेकींच्या पोटाखाली मुंड्या खुपसून धापा टाकत होत्या. वैशाख संपत आला होता, पळसदरीच्या धरणावरून येणारा वाराही गरम झाला होता, आणि या बिचाऱ्या सहा महिन्यांची लोकर अंगावर वागवत उभ्या होत्या. ती चैत्रातच कातरायची असते. हे येसाजीला कुणी सांगायला नको होतं.

पण त्या लोकरीवर गोदाचे हात होते.

दर कातरणीनंतर गोदा गेरू तेलात कालवायची, उजवा पंजा त्यात बुडवायची आणि एकेका मेंढीच्या पाठीवर दाबून उठवायची. काळ्या मेंढ्या असतील तर पांढरा ऑइलपेंट. कळपात कळप मिसळला तर मेंढी कुणाची हे कळावं म्हणून कुणी ठिपका देतं, कुणी पट्टा ओढतं. गोदा हात द्यायची. तिच्या वडिलांची रीत होती ती. त्यातही तिचा हात कुणाच्या हाताशी मिसळायचा नाही, कारण तिची करंगळी अर्धीच होती. साडेचार बोटांची मेंढी चुकली तर खालापूरकडचा माणूसही ती येसाजीच्या दारात आणून सोडायचा. बोटाचं काय झालं असं कुणी विचारलं, तर लहानपणी विळा लागला, एवढंच ती सांगायची.

दिवाळीनंतर तिने हे हात उठवले आणि पौषात तीन दिवसांच्या तापाने ती गेली. त्यानंतर लोकर वाढत राहिली, तसे हातही पसरत गेले. आता ते एखाद्या दांडग्या बाईचे वाटत होते. गोदा तर जेमतेम येसाजीच्या खांद्याला लागायची. तरी हात तिचेच होते, आणि ते कातरीखाली द्यायचे नाहीत एवढं एकच येसाजीने ठरवलं होतं. त्यापुढचं त्याने काही ठरवलं नव्हतं.

खरं म्हणजे मेंढ्या हा त्याचा प्रांतच नव्हे. त्याची तीस वर्षं खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. गोदा लग्न होऊन फलटणकडून घाट उतरली ती दोन मेंढ्या बरोबर घेऊन, तेव्हा सगळी वाडी हसली होती. कोकणच्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. गोदाने नवऱ्याला बांबू तोडायला लावले, जमिनीपासून दोन हात उंच माच बांधून घेतला आणि पावसाळाभर मेंढ्यांना त्यावर ठेवलं. हसणारे मग लोकर मागायला आले. येसाजीने आयुष्यभर या धंद्यात बांबू तोडण्यापलीकडे काही केलं नाही, आणि आता बासष्टाव्या वर्षी तो खूर धरून बघायला शिकत होता.

गोदाला प्रत्येकीचं नाव ठाऊक होतं. येसाजी सगळ्यांना ‘ए बाई’ म्हणायचा. सकाळी त्याने माचाचं दार उघडलं की मेंढ्या लगेच बाहेर यायच्या नाहीत. आधी त्याच्या पाठीमागे बघायच्या. मागे कुणी नाही अशी खात्री झाली की एकेक खाली उतरायची. हे रोज व्हायचं आणि रोज त्याला तितकंच लागायचं.

शनिवार-रविवारी फार्महाऊसकडे जाणाऱ्या गाड्या कुंपणाशी थांबायच्या. आजही एक थांबली होती. काच खाली करून एका बाईने विचारलं, ‘‘काका, या बकऱ्या आहेत ना?’’

गोदा असती तर म्हणाली असती, ‘‘नाय, हत्ती हायत. सोंडा धुवायला टाकल्यात.’’ येसाजीने नुसती मान हलवली. गाडी गेल्यावर त्याला स्वतःची चीड आली. तिच्या मेंढ्यांना त्याने बकऱ्या म्हणू दिलं होतं.

त्यातल्या त्यात जीव रमायचा तो शेवंतीपाशी. एवढं एक नाव त्याला माहीत होतं, कारण गोदाने माहेरहून आणलेल्या मेंढ्यांच्या वंशातली ती शेवटची. गेले आठ दिवस शेवंती कळपापासून लांब उभी राहायची, चारा हुंगून सोडून द्यायची, पाय आपटायची आणि सारखी मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघायची. तिला गोदा आठवते, असं येसाजीच्या मनाने घेतलं होतं. दुपारी तो तिच्याजवळ जाऊन बसायचा. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी झुरतंय याचा त्याला आधार वाटत होता.

‘‘राम राम, दाजी.’’

त्याने बादली खाली ठेवली. फाटकात विठू उभा होता, गोदाचा धाकटा भाऊ. दर वर्षी घाट उतरून तो बहिणीच्या मेंढ्या कातरायला यायचा. यंदा दोन वेळा येसाजीने त्याला फोनवर ‘नंतर ये’ म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नव्हतं. काखेत गोणपाटात गुंडाळलेली कातर होती.

‘‘यंदा नाय कातरायची, विठू.’’

‘‘का?’’

येसाजीने मेंढ्यांच्या पाठींकडे हात केला. विठू बघत राहिला. त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

‘‘माझीबी बहीणच हुती ती,’’ तो म्हणाला. ‘‘पर मेंढ्या मरत्याल, दाजी.’’

‘‘पाणी मारतो ना मी.’’

‘‘डोक्यावर?’’

विठू कळपातून हळूहळू पुढे गेला, कुणाची हनुवटी उचलून बघ, कुणाच्या कानामागे चाचप, असं करत. शेवंतीपाशी येऊन तो थांबला.

‘‘हिला काय झालंय?’’

‘‘तिला गोदाची आठवण येते रं. आठ दिस झाले, धड खात नाय. मान वळवून वळवून तो हात बघते.’’

विठूने वर पाहिलं नाही. गुडघा टेकून त्याने नाक तिच्या पाठीजवळ नेलं, मग दोन्ही अंगठ्यांनी पंजाच्या बरोबर मधोमध लोकर दुभंगली.

‘‘दाजी, हिकडं या.’’

लोकरीखालचं कातडं लाल आणि ओलं होतं, आणि ते हलत होतं. अळ्या पडल्या होत्या.

येसाजीने शेवंतीच्या मानेवर हात ठेवला. आठ दिवस ती जिवंतपणी खाल्ली जात होती आणि तो शेजारी बसून तिला म्हणत होता, मलापण आठवते गं. गोदाने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. शेवंती पाठीवरचा हात बघत नव्हती, मदत मागत होती, आणि मागायला तिच्याजवळ त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

‘‘काढ कातर,’’ तो म्हणाला.

त्याने शेवंतीचं डोकं मांडीवर धरलं. विठूने आधी जखमेच्या कडेकडेने कातर चालवली. लालसर लोकरीचा तुकडा अखंड निघावा म्हणून तो अगदी सावकाश कापत होता, आणि सुटल्यावर दोन्ही तळव्यांवर धरून त्याने तो येसाजीपुढे केला. येसाजीने ओंजळ पसरली. पण लोकर ती लोकरच. ओंजळीत येताच ती सुटी झाली, बोटं एकमेकांत गेली, आणि हात कुठे होता ते कळेनासं झालं. येसाजीने ते झुबके पुन्हा जवळजवळ मांडून पाहिले. मग तो रडला. गोदा गेली त्या दिवशी दारात माणसं होती, त्याला रडता आलं नव्हतं. आता मांडीवर मेंढी होती आणि समोर मेव्हणा कातर थांबवून बसला होता.

थोड्या वेळाने विठूने टर्पेंटाइनचा बोळा जखमेत धरला. अळ्या निघाल्यावर करंजाचं तेल लावलं. शेवंती सुटली ती थेट पाण्याच्या टाक्यापाशी गेली आणि बराच वेळ पीत राहिली.

मग उरलेल्या बावीस. येसाजी धरायचा, विठू कातरायचा. दुसऱ्या मेंढीपासून कुणी तुकडा वेगळा काढला नाही. आंब्याखाली ढीग वाढत गेला आणि त्यात कुठे कुठे तांबडं, कुठे पांढरं दिसत राहिलं. ऊन कलेपर्यंत सगळ्या मेंढ्या लहानखुऱ्या आणि अनोळखी होऊन अंगणभर चरू लागल्या होत्या.

विठू कातर पुसत म्हणाला, ‘‘घाटावर जाणारं कळप उद्यापासनं या वाटंनं निघतील. आज खूण केली पायजे. न्हायतर एक मेंढी मिसळली की गेली.’’

‘‘करू.’’

‘‘दाजी, एक सांगू?’’ तो कातरीच्या पात्याकडे बघत होता. ‘‘आक्काला इळा न्हवता लागला.’’

येसाजीने हातातली लोकर खाली ठेवली.

‘‘मी आठ वर्साचा हुतो. आबाची कातर चोरून घेतली. तिला म्हनलं, कोकरू धर, मी कातरतो. कोकरानं उडी मारली आन्...’’ त्याने पातं मिटलं. ‘‘आबानं इचारलं तवा म्हनाली, गवत कापताना इळा लागला. माझं नाव न्हाय घेतलं. मरस्तोवर न्हाय घेतलं. दर साली मी हितं येतो आन् समद्या मेंढ्यांवर तेच बघतो. ती हसायची. म्हनायची, बघ, तुझी सही. मला न्हाय यायचं हसू.’’

चाळीस वर्षांत गोदाने हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. येसाजीला आधी रागच आला. मग वाटलं, ती जाऊन पाच महिने झाले आणि तिच्याबद्दल आज काहीतरी नवं कळतंय. ते घट्ट धरून ठेवावंसं वाटलं.

‘‘आता तुमचा हात लावा,’’ विठू म्हणाला. ‘‘पाची बोटांचा. आता तरी धड हात हुंदे कळपाला.’’

येसाजी माचाखाली वाकला. गोदाची गेरूची पाटी तिथेच पालथी ठेवलेली होती. तळाशी दिवाळीचा गेरू वाळून भेगाळला होता. तो त्याने खरवडून टाकला नाही. त्यावरच नवा गेरू घातला, तेल ओतलं आणि दोन्ही एक होईपर्यंत हाताने कालवत राहिला.

विठूने शेवंतीला आणलं. जखम वाचवून हात शेपटीकडे लावायला हवा होता. येसाजीने उजवा पंजा पाटीत बुडवला, निथळू दिला आणि मग करंगळी मधल्या पेरात मुडपून घेतली.

‘‘दाजी, बोट...’’

‘‘तिचा हात धडच होता रं,’’ येसाजी म्हणाला आणि पंजा दाबून उठवला.

हात मोठा उमटला, पुरुषी, कडेला जरा फरकटलेला. पण बोटं साडेचार होती. विठू ती बघत राहिला. शेवंती त्याच्या हातातून केव्हा निसटली तेही त्याला कळलं नाही. मग त्याने पुढची मेंढी ओढली आणि तिचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं.

‘‘ही कोण?’’ येसाजीने विचारलं.

‘‘म्हंजे?’’

‘‘नाव काय हिचं? मला नाय ठाऊक. तुला सांगितली असतील तिने.’’

विठूने बाहीने नाक पुसलं. ‘‘बिजली.’’

‘‘ये बिजली,’’ येसाजी म्हणाला आणि सुटलेली करंगळी त्याने पुन्हा मुडपली.